तरफेच्या तारा

पहाटे साडेचारला मिरजेच्या खाटीकखान्यात
मी एकटीच बाई, हातात बर्फाचा डबा.
ज्यांना गिऱ्हाईक नाही अशी काळजं
रज्जाक माझ्यासाठी बाजूला ठेवतो,
पांढुरक्या गाठींची, टम्म.
"घ्या मॅडम, तुमचा माल."

सुई आत गेली की पाणी उसळतं,
इतकं नितळ, की आमच्या नळाला लाज वाटावी.
त्यातून मला काढायचंय एक प्रथिन,
एकच, जे फक्त या जंताचं आहे.
जंत कुत्र्याच्या आतड्यात तिळापेक्षा जरासा लांब,
आणि मेंढीच्या, माणसाच्या काळजात
त्याचं बिऱ्हाड नारळाएवढं.

जुनी चाचणी फार बोलकी होती.
कुठल्याही जंताला ओ देई.
आमच्या गल्लीत दस्तगीरचाचा सतारी जुळवतात,
त्यांनी एकदा दाखवलं:
वरची एक तार छेडली
आणि खाली, पडद्यांच्या आड,
न शिवलेल्या तारा आपोआप गुणगुणू लागल्या.
"ही तरफ. सूर जवळचा असला की हिला राहवत नाही."
मला माझी प्लेट आठवली.
शहाण्णव खळगे, आणि त्यातले सतरा
भलत्याच जंताच्या रक्ताला पिवळे झालेले.

तरी ते परवडलं. उगाच हो म्हणणारी चाचणी
फार तर सोनोग्राफीपर्यंत पाठवते.
नाही म्हणणारीचं काय?

तायव्वा हाक्के, मुक्काम उमदी. नमुना एक्केचाळीस.
खळगा रंगलाच नाही. मी सही केली.
पित्ताच्या गोळ्या घेऊन ती एसटीनं परत गेली
मेंढरांमागं.
गाठीची भिंत जाड असली की रक्ताला पत्ताच लागत नाही
घरात कोण राहायला आलंय.
हे पुस्तकात होतं.
मी वाचलेलंही होतं.

अकरा महिन्यांनी कोकरू उचलायला वाकली
ती तिथंच बसली.
सर्जननी वाडगं भरून जे बाहेर काढलं
ते सोललेल्या द्राक्षांसारखं दिसत होतं.
मी तासगावची. आमची बाग आहे.
त्या वर्षी मी घरची द्राक्षं खाल्ली नाहीत.

टाके काढायला आली तेव्हा शोधत शोधत लॅबपर्यंत आली.
माझी माफीची वाक्यं पाठ होती.
तिला ती नकोच होती.
"डाक्टर म्हनला, कुत्र्यापास्नं येतंय.
आमच्या तांबड्याला मारू नगा म्हनावं.
त्येला काय ठावं त्येच्या पोटात काय हाय.
मला तरी कुटं ठावं हुतं?
तुमाला तरी?"

तांबड्याला औषध पाठवलं, भाकरीत लपवून द्यायला.
तो निदान शेपूट हलवून घेईल, म्हणाली.

आता नवी पट्टी. बोटाएवढी,
माळावर, मेंढरांच्या वाड्यावर नेता येईल अशी.
उणे ऐंशीतून एक्केचाळीस बाहेर काढला,
बर्फावर हळू विरघळू दिला.
एक थेंब. वीस मिनिटं.
वरची रेघ ठळक आली, ती येतेच,
ती फक्त सांगते की पट्टी जिवंत आहे.
तिच्याखाली
मी पट्टी खिडकीशी नेली.
वैजयंती म्हणाली, आहे.
सर म्हणाले, तुला हवी आहे म्हणून आहे.

फॉर्मवर दोनच चौकटी.
मी पेन्सिलीनं दोहोंच्या मधल्या पांढऱ्यात लिहिलं,
फिकट.

संध्याकाळी गल्लीत दस्तगीरचाचा
एकच खुंटी पिळत होते,
थोडी सोडत, परत पिळत,
कान दांडीला लावून.
"झाली का?" मी विचारलं.
हातानंच मला गप्प केलं त्यांनी.

उद्या बेचाळीस.